गुंगा प्लग आणि गुजरांचा कुलर

लांजेवार सरांचं नाव आधी घेतो. त्या दुपारी सामान बांधायला घेतलं होतं, कस्टमर खूश होता, आमचे साहेब स्कूटर काढून निघूनही गेले होते. मीही पाच मिनिटांत निघालो असतो. रामटेकच्या शाळेत सरांनी विचारलेला एक प्रश्न आठवला, म्हणून थांबलो.

सर आम्हाला सायन्स शिकवायचे. माझे वडील धानाची शेती करायचे आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो सरांमुळे. ते वडिलांकडे येऊन ओसरीत बसले आणि माझ्या अ‍ॅडमिशनला होकार मिळेपर्यंत उठले नाहीत. पुढे मी नागपूरला सीताबर्डीवरच्या एका साउंडच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार चालू होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचं पत्र आलं होतं: मुलानं घरी कुलर बसवून दिला आहे, रोज संध्याकाळी मी स्वतः त्यात पाणी भरतो, म्हातारपणी चैन चालली आहे. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आता कामाचं सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घरी कॉम्प्युटर असणारी माणसं नागपुरात तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. हुडकेश्वर रोडला राहणारे वसंतराव गुजर त्यांतले एक. सरकारी हिशेब खात्यातून रिटायर झालेले, शिस्तीचे गृहस्थ. कॉम्प्युटर त्यांना स्वतःसाठी नको होता. तो त्यांच्या मुलीसाठी, सुलभाताईंसाठी, जर्मनीतल्या मुलानं पाठवला होता.

सुलभाताई शाळेत गाणं शिकवायच्या. काचबिंदूनं डोळे गेले आणि नोकरीही सुटली. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या पस्तिशीच्या असतील. पेटीसारखा पट्ट्यांचा एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड त्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. त्या वाजवायच्या, कॉम्प्युटर ते लक्षात ठेवायचा. मग त्या त्यावर दुसरा थर वाजवायच्या, तिसरा वाजवायच्या. एकटी बाई अख्खा वाद्यवृंद तयार करू शकत होती. पडद्यावरचं इंग्रजी वसंतराव मोठ्यानं वाचून दाखवायचे, जशी ऑफिसात एखादी फाइल वाचावी तसं, प्रत्येक शब्द सुटा करून.

एका नृत्यवर्गाच्या बाईंनी त्यांना लहान मुलींच्या नृत्यनाटिकेचं संगीत करायला सांगितलं होतं. रविवारी त्या ऐकायला येणार होत्या. पसंत पडलं तर पुढची सगळी कामं सुलभाताईंनाच द्यायची, असं बोलणं झालं होतं.

"मी आहे तोवर ठीक आहे," वसंतराव मला पहिल्याच दिवशी फाटकापाशी म्हणाले. "माझ्यामागं हिच्या हातात काही तरी हवं ना हो."

ऐकण्यासाठी भावानं दोन स्पीकर पाठवले होते. त्यांना पॉवर्ड स्टुडिओ मॉनिटर म्हणतात. साध्या स्पीकरला बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर लागतो. यात अ‍ॅम्प्लिफायर पेटीच्या आतच असतो, म्हणून प्रत्येक स्पीकरला विजेची स्वतःची वायर. आणि मॉनिटर अशासाठी की तो आवाज गोड करून ऐकवत नाही. जे आहे ते ऐकवतो. चूक असली तर चूकही.

"मॉनिटर तर हा आहे," वसंतराव पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले होते. "आता याच्यावर आणखी दोन मॉनिटर? आमच्या वर्गात एकच होता, अन् तोच पुरून उरायचा."

भावानं सगळं पाठवलं, फक्त मधली केबल पाठवली नव्हती. कॉम्प्युटरच्या मागचं सॉकेट एका जातीचं, स्पीकरचं दुसऱ्या जातीचं. ती केबल बनवून जोडून देण्याचं काम आमच्या दुकानाला मिळालं. मी केबल सोल्डर केली, नेऊन लावली, दोन्ही स्पीकर चालू केले.

आवाज आला. त्याच्याबरोबर हमिंगही आली.

हमिंग म्हणजे एकसारखा घूं आवाज. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नासदा मागेपुढे होतो. तो जिथं शिरायला नको त्या वायरीत शिरला की स्पीकरमधून ऐकू येतो. ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकणारा माणूस एवढी हमिंग सहन करतो. सुलभाताईंचा चेहरा मात्र उतरला.

"ईश्वरभाऊ, हे काळी चारच्या किंचित खाली आहे," त्या म्हणाल्या. "माझा षड्ज काळी चारचा. शेजारी कोणी चुकीचा तंबोरा लावून बसल्यासारखं होतं. मला माझा सूरच सापडत नाही."

"ताई, हेडफोन लावून काम चालणार नाही का?"

"हेडफोन लावला की मी बहिरीही होते. बाबांनी हाक मारली, कोणी आत आलं, दूध उतू गेलं, काहीच कळत नाही. डोळे गेले ते गेले. कान मी कोणाला देणार नाही."

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग नेहमीचे उपाय सुरू केले. केबल बदलली. ट्यूबलाइट बंद करून पाहिली. कॉम्प्युटरचा पडदा स्पीकरपासून दूर सरकवला. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो तर हमिंग अगदी बारीक होती. मला वाटलं, काम सोपं झालं. जेवणाच्या सुमारास ती पुन्हा वाढली.

"दुपारी जाडी होते," सुलभाताई म्हणाल्या. "कुलर लावला की."

मी कुलर बंद करून पाहिला. हमिंग जवळपास गेली. चालू केला, परत आली. कारण सापडल्यासारखं वाटलं, पण पूर्ण कळलं नव्हतं. कुलर खिडकीबाहेर, कॉम्प्युटर टेबलावर, मध्ये भिंत. एकाचा त्रास दुसऱ्याला कशानं होतो?

घराची वायरिंग पाहू लागलो. समोरची खोली जुनी. मागची, सुलभाताईंची खोली, नंतर बांधलेली. तिथं भिंतीत एकच सॉकेट होतं. त्यावर बोर्ड लावून कुलर आणि दोन्ही स्पीकर चालवले होते. कॉम्प्युटरला जागा उरली नाही, म्हणून त्याच्यासाठी समोरच्या खोलीतून एक्स्टेन्शन वायर ओढून आणली होती.

इथं अर्थिंगबद्दल थोडं सांगायला हवं. तीन पिनांच्या प्लगची सर्वात जाड पिन अर्थची. यंत्राच्या पत्र्यात चुकून करंट उतरला तर तो त्या पिनेतून, तारेतून जमिनीत जावा यासाठी ती असते. अंगणात खड्डा करून, त्यात धातूची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून तार जोडलेली असते. खड्डा ओला राहिला पाहिजे. कोरडी माती करंट घेत नाही.

गुजरांकडे असे दोन खड्डे होते. जुन्या खोलीचा खड्डा न्हाणीच्या मागं, केळीच्या बुडाशी. न्हाणीचं पाणी तिकडेच जायचं, त्यामुळे तिथं कायम चिखल. नव्या खोलीचा खड्डा ठेकेदारानं पश्चिमेच्या भिंतीला, भर उन्हात केला होता. मे महिन्यात तिथली जमीन फुटली होती.

"काकाजी, या खड्ड्यात पाणी घालता का?"

"खड्ड्यात?" वसंतराव म्हणाले. "नळाला पाणी एक तास येतं. ते प्यायला, कुलरला अन् झाडांना. खड्ड्याला कोण पाजणार?"

एवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. आमच्या दुकानाचे मालक, भोयर साहेब, स्वतः आले होते. एक केबल जोडायला त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशीही परतला नव्हता, याचा त्यांना राग आला होता आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"काय करून राहिला गा ईश्वर? विहीर खणून राहिला का?"

मी कुलरचं सांगितलं. दोन खड्ड्यांचं सांगितलं.

"मंग? मे महिन्यात नागपूरच्या कस्टमरले कुलर बंद ठेवा म्हणून सांगशील? उद्या सांगशील, पंखा काढा, फ्रीज विका. गुंगा प्लग कुठं आहे तुझा?"

आमच्या धंद्यात तेव्हा ही वस्तू प्रत्येकाच्या बॅगेत असायची. तीन पिनांचा साधा प्लग, पण त्यातली अर्थची पिन करवतीनं कापून टाकलेली. लग्नाच्या मांडवात, हॉलमध्ये, देवळात, कुठंही माइक लावला आणि हमिंग आली की तो प्लग लावायचा. आवाज गप्प होतो म्हणून गुंगा, म्हणजे मुका. दुकानातल्या एका ड्रॉवरमध्ये ते कापून तयारच ठेवलेले असत. त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नसे. हमिंग बंद होत होती ना.

"साहेब, कारण सापडायचं आहे अजून," मी म्हणालो.

"कारण तुझ्या कॉलेजमध्ये शोध. इथं काम पाहिजे." साहेबांनी माझ्या बॅगेतून दोन गुंगे प्लग काढले, स्पीकरच्या वायरींना स्वतःच्या हातांनी लावले आणि बोर्डात खोचले.

हमिंग गेली. पूर्ण गेली. खोलीत इतकी शांतता झाली की कुलरच्या पंख्याची फरफर एकदम मोठी वाटली.

सुलभाताईंनी कीबोर्डवर हात ठेवले. एक तान वाजवली, मग तीच परत ऐकली. डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं टिपलं. वसंतराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"वा! याले म्हणतात सर्व्हिस," साहेब म्हणाले. "गुजर साहेब, आमचा पोरगा हुशार आहे, पण जास्त शिकलेला आहे. त्याला जरा वेळ लागते." सगळे हसले. मीही हसलो. त्यांनी सरबत घेतलं, मला सामान बांधून दुकानात यायला सांगितलं आणि निघून गेले.

मी केबलीचे तुकडे गोळा करू लागलो. सोल्डरिंग गन गुंडाळली. आणि तेव्हा सरांचा तो प्रश्न डोक्यात आला.

आमच्याकडे धानाच्या शेताचे तुकडे पाडलेले असतात. चारी बाजूंनी मातीची पाळ घातलेला एक तुकडा म्हणजे एक बांधी. पाळीला तोंड पाडून वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत सोडतात. विजेचा प्रवाह शिकवताना सरांनी आम्हाला पुस्तक मिटायला लावलं होतं आणि मला उभं केलं होतं.

"तुझ्या बापानं पाळीचं तोंड बुजवलं. खालच्या बांधीत पाणी येणं बंद झालं. त मंग पाणी गेलं कुठं?"

"थांबलं, सर."

"थांबलं म्हणजे संपलं का गा? वरच्या बांधीत जाऊन पाह्य. तिथं फुगून राहिलं असंल. पाणी दिसेनासं झालं की आधी इचारायचं, गेलं त कुठं गेलं?"

वर्ग हसला होता. पण मला त्या दिवशी वीज कळली.

मी हातातली गन खाली ठेवली. हमिंग म्हणजे कुठला तरी करंट केबलमधून वाहत होता. कुलर लावला की वाढत होता, म्हणजे तो कुलरचा करंट होता. कुलरच्या पत्र्यात उतरत होता, बोर्डावरच्या अर्थच्या तारेत जात होता. तिकडचा खड्डा कोरडा, म्हणून जमिनीत जाता येत नव्हतं. मग तो त्याच तारेनं स्पीकरच्या पिनेत, स्पीकरच्या पत्र्यातून माझ्या केबलमध्ये, केबलमधून कॉम्प्युटरमध्ये, आणि एक्स्टेन्शन वायरनं समोरच्या खोलीच्या ओल्या खड्ड्यात, केळीच्या बुडाशी जात होता. ती वाट आम्ही आत्ता बुजवली होती. हमिंग गेली. करंट कुठं गेला?

वरच्या बांधीत.

"बाबा, चार वाजले असतील," सुलभाताई म्हणाल्या. "नळ येईल. मी कुलर भरून घेते."

त्या उठल्या आणि सवयीच्या पावलांनी मागच्या दाराकडे निघाल्या. पायात काही नव्हतं. मागच्या अंगणातली फरशी कुलरच्या गळतीनं ओली होती.

"ताई, थांबा!"

माझा आवाज फार मोठा निघाला असावा. त्या दारातच थांबल्या.

"काय झालं?"

"कुलरला हात लावू नका. तुम्ही पाणी भरता कसं?"

"कसं म्हणजे? बाजूची खसाची ताटी उचलते, पाइप आत सोडते. किती भरलं ते दिसत नाही, म्हणून हात आत ठेवते. पाणी मनगटाला लागलं की पाइप काढायचा."

"तेव्हा कुलर चालू असतो?"

"चालूच असतो. बंद केला की बाबांना उकडतं."

मी बाहेर जाऊन कुलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

वसंतराव मागोमाग आले. त्यांचा चेहरा त्रासिक होता. "आता काय काढलं नवीन?"

"काकाजी, कुलरमध्ये करंट उतरला आहे. आधी तो बंद करतो." मी आत जाऊन प्लग काढला.

"अहो, मी तुम्हाला स्पीकरसाठी बोलावलं. तुमचे साहेब सांगून गेले ना, झालं म्हणून? टेस्टर तर कशालाही पेटतो. आमच्याकडं भिंतीलासुद्धा पेटतो पावसाळ्यात."

ते अगदीच चूक नव्हते. टेस्टरचा दिवा नावापुरत्या करंटनंही लागतो. त्यावरून घाबरवून कुलर दुरुस्तीचं काम काढणारे लोक होतेच. रविवारी बाई येणार, खोलीत हमिंग गेलेली, आणि मी परत सगळं मोडायला निघालेला. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता.

"काकाजी, एकच गोष्ट दाखवतो. पटली नाही तर मी जातो."

माझ्याकडे टेस्ट लॅम्प होता. होल्डरमध्ये झिरोचा बल्ब आणि दोन लांब वायरी, बस. एक वायर मी कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शनच्या अर्थच्या भोकात घातली, म्हणजे ती केळीच्या बुडाशी ओल्या जमिनीला जोडली गेली. दुसरी वायर चिमट्यानं कुलरच्या पत्र्याला लावली. बल्ब खिडकीच्या चौकटीवर ठेवला. सगळ्यांना दूर उभं केलं आणि कुलरचा प्लग खोचला.

कुलर घरघरला. बल्ब लागला.

नुसता लाल झाला नाही. लागला. देवघरात रात्री लागतो तेवढा. त्याला विजेच्या बटनाची वायर कुठंच जोडलेली नव्हती. एक टोक जमिनीत आणि एक टोक कुलरच्या पत्र्याला.

वसंतराव बघत राहिले. मी प्लग काढला. बल्ब विझला.

"काय झालं?" सुलभाताईंनी विचारलं. "कोणीच का बोलत नाही? बाबा?"

वसंतराव त्यांच्याजवळ गेले.

"बाबा, वाचून दाखवा ना."

रोज कॉम्प्युटरपाशी म्हणायच्या तेच शब्द. वसंतरावांनी मुलीचा हात धरला आणि मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दिवा, लागला, सुलू. तुझ्या कुलरवर."

त्यांनी दुसरा हात पदराला पुसला. मग हळूच म्हणाल्या, "काल पाणी भरताना बोटांना मुंग्या येत होत्या. मला वाटलं पाणी थंड आहे म्हणून."

पंप उघडून पाहिला. कुलरच्या तळाशी पाणी वर चढवणारा छोटा पंप असतो, त्याच्या आतल्या तारेवरचं आवरण गेलं होतं. थोडा करंट कालपासून बाहेर पडत होता, पण माझी केबल त्याला वाट देत होती, म्हणून ताईंच्या बोटांना नुसत्या मुंग्या आल्या. हमिंग म्हणजे त्या करंटच्या वाहण्याचा आवाज. साहेबांनी आवाज बंद केला आणि सगळा करंट कुलरच्या पत्र्यात उभा राहिला. अर्ध्या तासानं ओल्या फरशीवरून त्यात हात जाणार होता.

मी गुंगे प्लग काढून टाकले आणि स्पीकरना पूर्ण पिनांचे प्लग लावले. दुकानात फोन करायला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. साहेबांना सांगितलं, तुमचे प्लग काढले. ते आधी चिडले. मग मी बल्बचं सांगितलं.

त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बाई कुठं आहे आता?"

"खोलीत बसल्या आहेत, साहेब."

"बरं. काम पुरं करून ये. उद्या लागलं तर उद्या ये." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "अन् ऐक. येताना माझ्या घरून होऊन ये. आमच्या टेपरेकॉर्डरले मीच लावलेला आहे तो प्लग. बाजूलेच कुलर आहे."

दुसऱ्या दिवशी पंप बदलला. पश्चिमेचा खड्डा पुन्हा भरला आणि त्यावर मडक्याचा गळा पुरला, रोज पाणी ओतता यावं म्हणून. मग केळीकडच्या खड्ड्याची जाड तार मागच्या खोलीपर्यंत ओढली आणि कॉम्प्युटर, कीबोर्ड, स्पीकर सगळं एकाच बोर्डावर आणलं. सगळ्यांना जमिनीत जायची एकच वाट असली की केबलमधून कोणी वाट काढत नाही. अर्थची एकही पिन न कापता हमिंग गेली. कुलर चालू असतानाही.

सुलभाताईंनी कान देऊन ऐकलं. "आता कुठं गेली?" त्यांनी विचारलं. मी त्यांना बांधीचं सांगितलं होतं, त्यामुळे तो प्रश्न त्यांनाही आता पाठ झाला होता.

"केळीच्या बुडाशी, ताई."

रविवारी नृत्यवर्गाच्या बाई आल्या, ऐकून गेल्या. ते काम सुलभाताईंना मिळालं आणि त्यानंतरचीही मिळत गेली. वसंतराव गेल्यावरही त्या त्याच खोलीत काम करत होत्या. पडदा वाचून दाखवायला पगारी मुलगी ठेवली होती, तो पगार त्यांच्याच कामातून निघायचा. कुलर भरायच्या आधी प्लग काढायचा नियम त्यांनी स्वतः घातला होता आणि तो मोडणाऱ्याची गय नव्हती.

दुकानातला ड्रॉवर साहेबांनी रिकामा केला नाही. गुंग्या प्लगांना लाल दोरा बांधला आणि सांगितलं, तपासायला वापरा, लावून येऊ नका. मला तेवढं पुरेसं वाटलं. यावरून मी जे शिकलो ते थोडंसंच आहे: यंत्राची तक्रार बंद झाली म्हणजे बिघाड गेला असं नाही, आणि काम संपल्याची सही कस्टमरकडून घेण्याआधी त्या यंत्राला हात कोण लावणार, हात ओला असेल का, पायात काही असेल का, हे विचारून घ्यावं.

बल्ब लागला त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर येऊन मी सरांना पत्र लिहिलं. सर पुढे कितीतरी उन्हाळे त्याच कुलरसमोर पुस्तक घेऊन बसत. ते गेल्यावर त्यांच्या मुलानं माझी सगळी पत्रं मला परत दिली, त्यात हे होतं.

गुरुवर्य लांजेवार सर यांस,

सा. नमस्कार.

आपण नेहमी विचारता, शिकलेलं कुठं उपयोगी पडलं ते लिही. आज लिहिण्यासारखं आहे. एका अंध ताईंच्या घरी स्पीकर जोडत होतो. नको असलेला आवाज येत होता. आमच्या साहेबांनी तो बंद केला. सगळ्यांना आनंद झाला. तेव्हा मला आपला बांधीचा प्रश्न आठवला. पाणी कुलरमध्ये फुगलं होतं, सर. त्या त्यात हात घालणारच होत्या. आज त्या बऱ्या आहेत. पंप उद्या बदलेन. सविस्तर भेटीत सांगतो.

त्या दिवशी वर्ग मला हसला होता आणि मला फार वाईट वाटलं होतं. आपण मला खाली न बसवता उत्तर येईपर्यंत उभं ठेवलंत. त्याबद्दल आजवर कधी आभार मानले नाहीत, ते आज मानतो.

आता माझी एक विनंती आहे. आपण लिहिलं होतं की घरच्या कुलरमध्ये आपण रोज स्वतः पाणी भरता. मी येईपर्यंत पाणी भरण्याआधी कुलरचा प्लग भिंतीतून काढत जा. नुसतं बटन बंद करू नका, प्लग काढा. पायात रबरी चप्पल घाला. फरशी ओली असेल तर भरूच नका, एक दिवस पंख्यावर काढा. अर्थिंगचा खड्डा कुठं केला आहे ते कुलर बसवणाऱ्या आपल्या दादांना विचारून ठेवा. खड्डा केलाच नाही असं ते म्हणाले तर कुलरला हातही लावू नका.

शाळेत आपण सांगायचात आणि मी ऐकायचो. या वेळी आपण माझं ऐका, एवढं मागतो.

रविवारी पहिल्या एस.टी.नं रामटेकला येतो. टेस्ट लॅम्प आणि मीठ बरोबर आणतो. कोळसा तिथं मिळेल.

आपला विद्यार्थी,
ईश्वर